माझ्या आवाजावर जेवणारी नात

माझी लेक लहानपणी एकदा मोठ्या तापातून उठली तेव्हा तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन-अडीच वर्षांची असेल. घास पुढं केला की तोंड फिरवायची, बळेच भरवला तर गालात धरून बसायची. तेव्हा मी तिच्यासाठी कोंबडीची गोष्ट रचली. कोंबडीचं एक पिल्लू पायानं अधू असतं, खुराड्यातच बसून असतं. कोंबडी त्याच्यासाठी दाणा मागत गावभर फिरते. ओढ्यावर बगळा एक दाणा देतो, खळ्यावर बैल एक दाणा देतो. दाणा मिळाला की एक घास. शेवटी ती दमून आमच्या दारात येते आणि विचारते, "आता माज्या पिल्लाला कोण सांभाळील गं बाई?" तिथं मी थांबायची. मग लेक भरल्या तोंडानं म्हणायची, "मी सांभालीन!" एवढं म्हणायला मिळावं म्हणून ती अख्खी वाटी संपवायची.

ती गोष्ट आमच्या दोघींची. तिच्या बापानं एकदा सांगायला घेतली तर बगळ्याच्या आधीच बैल आणला, आणि पोरगी रडायलाच लागली. त्यानंतर त्यांनी नाद सोडला.

आम्ही रिहे गावचे. भात पिकवणारे. लेक शिकली, कंपनीत लागली, आणि लग्नानंतर माणमध्ये फ्लॅट घेऊन राहिली. ज्या शिवारात माझी मावशी भात लावायची, तिथंच कुठंतरी आता तिची इमारत आहे. जावई सोलापूरकडचे, तेही कंपनीत. त्यांचे आईवडील लांब, त्यामुळं नात झाली तेव्हा सगळं माझ्याकडंच आलं, आणि ते मला हवंही होतं. लेक कामावर परत रुजू झाल्यावर मी आठवड्यातून तीनदा जायची. हे मला मोटारसायकलवरून घोटवड्यापर्यंत सोडायचे, तिथून बस, नाहीतर सहा आसनी. उरलेल्या दिवसांत नातीजवळ एक बाई असायची, बिहारकडची. पोर मायेनं सांभाळायची, पण मराठी तिला येत नव्हतं.

घरात एक नियम होता. तो मी केला नव्हता, लेकीनं केला होता. दोन वर्षांची होईपर्यंत पोरीला फोन दाखवायचा नाही. टीव्ही नाही, टॅब नाही, काही नाही. नात सहा-सात महिन्यांची असताना ह्यांनी खिशातून फोन काढून तिला आमच्या म्हशीचा फोटो दाखवला होता. लेक किती बोलली त्यांना! "बाबा, तिच्या डोळ्यांचं काय होतं माहितीये? मेंदूचं काय होतं? डॉक्टरांनी दहादा सांगितलंय." ह्यांनी निमूटपणे फोन खिशात टाकला. नंतर तिच्या घरी गेलो की ते फोन चपलांच्या कपाटावरच ठेवून आत जायचे. मला लेकीचा अभिमान वाटला होता. इतकी शिकलेली, फोन-संगणकावरच पोट असलेली पोरगी, पण पोराच्या बाबतीत पक्की.

नात जेवणात थेट तिच्या आईवर गेली होती. तोंड फिरवणं तेच, गालात घास धरणं तेच. मी तीच कोंबडी काढली. वर्षाची झाल्यावर नातीला त्यातली जागा कळायला लागली. मी "कोण सांभाळील गं बाई" म्हणून थांबले, की ती छातीवर थाप मारून "मी!" म्हणायची. कधी मुद्दाम उशीर लावायची. माझ्या तोंडाकडं बघत राहायची, मी कंटाळून परत विचारते का ते बघायची, आणि मग खदखदून हसत "मी!" त्यात निम्मा भात माझ्या अंगावर उडायचा.

दिवाळीच्या आधी कापणी आली. भात उभं होतं आणि गडी मिळत नव्हते. मी लेकीला सांगितलं की आता झोडणी होईपर्यंत मला येता येणार नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आई, ही जेवणार नाही गं तुझ्याशिवाय." थोड्या वेळानं स्वैपाकघरात आली. "एक करू का? तुझी गोष्ट रेकॉर्ड करते. फक्त जेवताना लावेन. फक्त तू येत नाहीस तोवर."

मी म्हटलं, "अगं, तूच तर फोन दावायचा न्हाई म्हणतीस."

"हा फोन थोडाच आहे? ही तू आहेस."

मला ते बोलणं गोड वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पदर सारखा केला, ओट्यापाशी बसले आणि गोष्ट सांगितली. बगळा, बैल, सगळं. "कोण सांभाळील गं बाई" म्हणून सवयीनं थांबले. नात तर आत झोपली होती. तेवढ्यात फोनच्या मागून लेक म्हणाली, "मी सांभालीन!" तसंच बोबडं, लहानपणासारखं. इतक्या वर्षांनी तिला जसंच्या तसं आठवत होतं. व्हिडिओत शेवटी मी डोळे पुसताना दिसते ती त्यामुळं. मी म्हटलं, "एवढा शेवटचा भाग काढून टाक." ती म्हणाली, "काढते गं."

कापणी झाली, झोडणी झाली. मी फोन केला की उद्यापासून येते. लेक म्हणाली, "आई, इतक्यात नको दगदग करू. पाठ धरलीये ना तुझी? ती छान जेवतेय आता. तू रविवारी ये निवांत, बाबांना घेऊन." मला बरंच वाटलं. पाठ खरंच धरली होती. शेजारणीला मी कौतुकानं सांगितलंसुद्धा, की माझी नात सुधारली, आता कुणाच्याही हातानं जेवते.

मग आम्ही रविवारी जायला लागलो. पोहोचलो की लेक म्हणायची, "आत्ताच जेवली गं." दर रविवारी. आम्ही लवकर निघालो तरी ती आत्ताच जेवलेली असायची. मी म्हणायची, "आगं, एक घास तरी भरवू दे मला." तर म्हणायची, "नको, ओकते मग." नात माझ्या मांडीवर बसायची, पण टिकायची नाही. कपाटाच्या वरच्या फळीकडं हात करून "आजी, आजी" करायची. मी म्हणायची, "हितं हाय की गं आजी! वर कुटं बगतीयास?" लेक तिला उचलून गॅलरीत घेऊन जायची. मला वाटायचं, पोर मला किती हाका मारते.

मार्गशीर्षात एका बुधवारी नवा तांदूळ गिरणीतून आला. इंद्रायणीचा वास घरभर झाला होता. मनात आलं, पहिला मऊ भात नातीला करून घालावा. ह्यांना घोटवड्याला काम होतंच. मी तांदळाची पिशवी घेऊन मागं बसले. लेकीला फोन केला नाही. आपल्याच लेकीकडं जायला फोन कशाला करायचा, असा विचारसुद्धा मनात आला नाही.

गेटवरचा माणूस मला ओळखायचा, त्यानं हसून आत सोडलं. लिफ्टमध्ये एक तरुण बाई शिरली, कडेवर मुलगा. ती माझ्याकडं सारखी बघत होती. मला वाटलं, पिशवीतून तांदूळ सांडतोय की काय. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही कोंबडीवाल्या आजी ना?"

मला काही कळेना. "कोण कोंबडीवाली? आमी कोंबड्या न्हाई इकत."

ती हसायला लागली. "नाही हो! 'कोण सांभाळील गं बाई' वाल्या! आमचा हा तुमच्याशिवाय घास घेत नाही. तुम्ही त्यातल्यापेक्षा बारीक दिसता." आणि मुलाला म्हणाली, "बघ बघ, कोण आहे? आजी! फोनमधली आजी!" मुलानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि फोनच ओढायला लागला.

"तुमाला कुटं दिसलं ते?"

"आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर. तुमच्या मुलीनंच टाकलाय ना, दिवाळीच्या सुमारास. सगळ्यांकडे आहे. शेवटी तुम्ही रडता ते तर किती गोड आहे." तिनं फोन वर धरला. "एक फोटो काढू? याच्या बाबांना दाखवते."

मी काढू दिला. नको म्हणायचंही सुचलं नाही. लिफ्टमधून उतरले तेव्हा मनात म्हणत होते, हिची काहीतरी गफलत होतेय. लेकीनं ते कुणाला दिलं नसणार. दिलं असतं तर मला सांगितलं असतं.

लेकीच्या घराचं लाकडी दार उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं. मी बेल वाजवायला हात वर केला आणि आतून माझा आवाज आला.

"खळ्यावर व्हता बैल. बैल म्हनला, का गं कोंबडे, का रडतीयास?"

स्वतःचा आवाज असा दुसऱ्याच्या घरातून ऐकायची मला सवय नाही. कुणी म्हातारी आपली नक्कल करतेय असं क्षणभर वाटलं. मी जाळीतून पाहिलं. नात उंच खुर्चीत होती, पट्टा बांधलेला. समोर लेकीचा फोन उभा केला होता. बाई शेजारी बसून चमच्यानं भरवत होती. नात चमच्याकडं बघत नव्हती, बाईकडं बघत नव्हती. चमचा ओठाला लागला की तोंड उघडत होतं आणि मिटत होतं.

"कोण सांभाळील गं बाई?" मी फोनमधून विचारलं.

मी दारात तशीच उभी राहिले. नात "मी" म्हणेल म्हणून. ती काही बोलली नाही. लेकीचा आवाज आला, "मी सांभालीन!" बोलायची ती जागा आता भरलेली होती. नातीनं घास गिळला आणि तोंड परत उघडलं. मी डोळे पुसताना दिसले असणार, कारण माझं नाक ओढणं ऐकू आलं. मग माझा आवाज थांबला आणि लगेच कुठलंतरी ढँणढँण गाणं सुरू झालं, रंगीत मोटारी नाचणारं. त्याच्यामागं आणखी एक. बाई भरवतच होती.

मी बेल वाजवली. बाईनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. तिला लपवायचं काही आहे हे माहीतच नव्हतं बिचारीला. दार उघडत म्हणाली, "अरे माँजी! अभी आप ही चल रही थीं। तीनों टाइम आप ही के साथ खाती है।"

"रोज?"

"रोज, माँजी। फिर गाड़ी वाला गाना। नहीं तो मुँह नहीं खोलती।"

मी पिशवी खाली ठेवली, हात धुतले, आणि नातीच्या समोर बसले. फोन बाजूला सरकवला. "बगळा ओढ्यावर उभा व्हता," मी सुरू केलं. नातीनं माझ्या गालावर हात ठेवला आणि मला बाजूला ढकललं. रागानं नाही. वाटेत आलेलं दार सरकवावं तसं. मग ती फोनकडं हात करून ओरडायला लागली, "आजी! आजी! आजी!"

तेव्हा मला कळलं. रविवारी ती कपाटाच्या फळीकडं हात करून मला हाका मारत नव्हती. आजी म्हणजे तो फोन होता. बाईनं घाबरून आपला फोन तिच्या हातात दिला. तो बंदच होता, पडदा काळा, त्यात मी नव्हते. तिनं तो छातीशी धरला, म्हणाली "आजी," आणि गप्प झाली.

रडणं ऐकून लेक आतल्या खोलीतून आली. ती घरातच बसून कंपनीचं काम करत होती. कानातला हेडफोन काढत म्हणाली, "काय झालं गं हिला?" आणि मला पाहून तिथंच थांबली. "आई? अगं, फोन करून यायचं ना."

"का? फोन केला आसता तर काय केलं आसतंस?"

ती बाईला म्हणाली, "इसको अंदर लेके जाओ." नात आत गेली, बाईचा फोन घेऊनच.

"तू मी आले की बंद करनार व्हतीस," मी म्हटलं.

"करणार होते. तिनं खाणंच सोडलं. मला दिवसभर मीटिंग असतात, आई. ह्यांना पण. दोन वेळा उपाशी राहिली तेव्हा मी परत लावला."

"मग मला बोलवायचं. मी येतेच म्हनत व्हते की."

"तू आठवड्यातून तीनदा येणार. ती रोज जेवते." मग जरा नरम आवाजात म्हणाली, "आणि मी कुणा परक्याचं लावलं नाही. तुझा आवाज आहे. तिच्या कानावर मराठी पडतं. बाकीची मुलं काय काय बघतात ते तू पाहिलं नाहीस."

"मोटारीचं गानं बी माजंच हाय का?"

तिनं खुर्चीवर सांडलेला भात बोटानं टिपायला घेतला.

"आन रविवारी? आत्ताच जेवली, आत्ताच जेवली?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आन त्या लिफ्टातल्या बाईकडं मी कशी गेले?"

हे तिला अपेक्षित नव्हतं. ती खुर्चीवर बसली. सांगायला लागली की ग्रुपवर एका आईनं विचारलं होतं, मूल जेवत नाही, काय करू. "मी सहज टाकला. मदत म्हणून. सगळ्यांना इतका आवडला, आई. तुझं किती कौतुक करतात."

"मला इचारलंस का?"

"तू नको म्हणाली असतीस."

ते ती अगदी सरळ बोलली. चिडून नाही, उलट उत्तर म्हणूनही नाही. खरं होतं म्हणून बोलली. म्हणजे तिला माहीत होतं. बाकी सगळ्याचं मी कसंतरी समजून घेतलं असतं. पोर उपाशी राहिली, काम सुटत नाही, हे मला कळतं. मीसुद्धा लावणीच्या दिवसांत लेकीला बांधावर झाडाखाली ठेवून चिखलात उतरलेली आहे. पण मी नको म्हणेन हे माहीत असून तिनं ते केलं. आणि जे "मी सांभालीन" ऐकून मी रडले, ते तिनं माझ्यासाठी म्हटलं होतं की व्हिडिओ पुरा व्हावा म्हणून, हे मला आता विचारताही येईना.

"शेवटचा भाग काढते म्हनली व्हतीस," मी एवढंच म्हटलं.

"विसरले गं."

तिनं माझ्यासमोर तो व्हिडिओ आपल्या फोनमधून काढला. बाईच्या, जावयांच्या फोनमधून काढते म्हणाली. ग्रुपवर लिहिलं की कृपया सगळ्यांनी काढून टाका. लगेच उत्तरं यायला लागली. कुणी विचारलं, का, मुलांना इतका आवडतो. कुणी नुसतंच रडकं तोंड टाकलं. लेक म्हणाली, "त्यांच्या फोनमधला मी कसा काढू, आई?" ते मलाही दिसत होतं. मी तांदळाची पिशवी डब्यात ओतली, भात न करताच निघाले. ती खाली सोडायला येत होती, मी नको म्हटलं. घरी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला मात्र म्हशीवरनं एवढी बोलली." आणि उठून गोठ्यात गेले.

त्या आठवड्यात नात जेवली नाही. लेकीनं खरोखरच फोन बंद केला होता, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "येतेस का?" मी गेले. नंतर रोजच जात राहिले, महिनाभर तरी. सुरुवातीला नात मला बघून रडायचीच. मी तिला खुर्चीत बसवलं नाही. वाटी घेऊन खाली नेलं, इमारतीच्या मागच्या अंगाला. तिथं पुढच्या इमारतीसाठी खणलेला खड्डा आहे आणि तिथं एक कुत्री व्यालेली होती. पिल्लं बघता बघता दोन घास जायचे, कधी चार. कधी एकही नाही. मी बोलायची नाही फारशी. ती पिल्लांकडं बोट दाखवायची, मी "व्हय, व्हय" म्हणायची. हळूहळू ती माझ्या हाताकडं बघून तोंड उघडायला लागली. फोनला मात्र ती पुष्कळ दिवस आजीच म्हणत होती. मला काय म्हणायचं हे तिला सुचत नसावं. हात धरून ओढायची फक्त.

आता ती बऱ्यापैकी जेवते. लेकीनं कामाच्या वेळा थोड्या बदलून घेतल्यात, दुपारचं ती स्वतः भरवते. आमचं बोलणं आहे. सणवार आहेत, डबे जातात, येतात. पण ती फोनवर "जेवली गं" म्हणाली की मी पूर्वीसारखी "बरं झालं" म्हणून मोकळी होत नाही. काय जेवली, कुणी भरवलं, असं विचारते, आणि उत्तर आलं तरी ते पुरतं घेत नाही. आणि तिच्या घरी बसल्यावर काही बोलायचं झालं, अगदी साधं, गावातल्या कुणाचं लग्न ठरल्याचं, तरी माझी नजर आधी फोन कुठं ठेवलाय, कसा ठेवलाय, तिकडं जाते. तिच्याही हे लक्षात आलंय. मी गेले की ती फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवते. त्यानं मला बरं वाटायला हवं.

मागच्या गुरुवारी मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. नात खाली बसून टोपणांशी खेळत होती. लेक भाजी चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "हिला ती गोष्ट आता का सांगत नाहीस, आई? आता तर बोलते ही. उत्तर देईल."

"इसरले मी ती," मी म्हटलं.

सुरी थांबली. ती माझ्याकडं बघत होती.

"खोटं बोलतेयस तू."

"व्हय," मी म्हटलं, आणि पुढची ताटली घेतली.